एक पॉइंट तीन

निकालाच्या आठवड्यात माझं मशीन रात्री झोपत नाही.
लातुरात औसा रोडच्या दोन्ही बाजूंना
जी लेकरं ताडपत्रीएवढं हसत खांबांना लोंबतात
ती सगळी माझ्याच दुकानातून गेलेली.
नव्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ,
खाली क्लासचं नाव, चेहऱ्याहून मोठं.
आकडा लाल घ्यायचा, कडेला पिवळी रेघ:
बावीस वर्षांत शिक्षणातलं एवढंच कळलं मला.

परवा रात्री शांभवीचा फोन आला माग्डेबुर्गहून.
म्हणाली, अप्पा, एक पॉइंट तीन पडले.
मी मशीन बंद केलं.
शाईचा वास तेवढा राहिला, आणि पंखा.
म्हटलं, असू दे बाई. परक्या मुलखातला पेपर.
पुन्हा देता येतो का?
ती इतकी हसली की तिकडं कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

तिकडं म्हणे एक म्हणजे अव्वल,
चार म्हणजे काठावर, पाचाला नापास.
जेवढं खाली उतराल तेवढे वर.
तिचे इथले अठ्ठ्याहत्तर टक्के त्यांनी
कसल्याशा सूत्रात घालून दोन पॉइंट एक केले होते.
बिलबुकाच्या पाठीमागं मीही मांडून बघितलं:
शंभरातून अठ्ठ्याहत्तर गेले, साठानं भागले,
तिनानं गुणले, वर एक मिळवला.
उत्तर जुळलं.
शाळेत माझं कधी जुळलं नव्हतं.

ज्या वर्षी रेल्वेनं पाणी आलं लातूरला
त्या वर्षी ती दहावीला होती,
घागरीच्या रांगेत उभी राहून प्रमेयं पाठ करायची.
आता सांगते, इथं हजेरी नाही अप्पा,
वर्गात जा नाहीतर नदीवर जा.
पण एकाच पेपरात तीनदा गेलं
की तो कोर्स देशात कुठंच करता येत नाही.
मी विचारलं, मग क्लासवाले काय करतात तिथं?
क्लास दिसले नाहीत कुठं.
आणि फ्लेक्स?
निकाल ज्याचा त्यालाच दिसतो, म्हणाली,
आणि दोघंही जरा गप्प झालो.

तिच्या घरमालकिणीचा नातू चौथीत आहे.
बाईंनी पत्र धाडलं, पोरगं पुढं कुठल्या शाळेत घालावं:
कॉलेजाकडं जाणाऱ्या, का हाताच्या कामाच्या.
दहा वर्षांचं लेकरू!
आजी म्हणाली, बरंच झालं, लाकडात हात बसलाय त्याचा,
शिकता शिकता पगार मिळंल.
पोराच्या आईनं मात्र भांडी आपटली.
चाळणी इथंही आहे अप्पा, शांभवी म्हणाली,
फक्त लवकर हलवतात.

माझा धाकटा भाऊ बसलिंग
दहावीला दोनदा बसला, मग आयटीआय, टर्नर.
एमआयडीसीत एक लेथ आहे त्याचं.
शांभवीच्या बायोडाट्यात त्याच्या नावापुढं
'स्वतःचा व्यवसाय' लिहिलं होतं.
टाइप मीच केलं होतं.

काल ऐन गर्दीत रोलरचा दांडा गेला.
पुण्याहून यायला चार दिवस, म्हणाले.
बसलिंगनं रात्रीतून नवा कातून आणला,
दिव्याखाली धरून कॅलिपर लावला.
पॉइंट शून्य दोन जास्ती हाय, म्हणाला, आन् घासत बसला.
मी त्याला एक पॉइंट तीन सांगितलं.
सूत्र सांगायला बिलबुक शोधत होतो,
त्यानं मान वर केली नाही.
लई भारी की मग.
आमच्यात बी आसंच आस्तंय,
फरक जेवढा कमी तेवढा माल चोख.
जेवती का नीट?

कॉम्प्युटरवर मी एक फाइल उघडून ठेवली होती.
तिचा फोटो, लाल आकडा, पिवळी रेघ.
कामावरचा पोरगा म्हणाला, मालक,
टक्क्याचं चिन्ह राहिलं.
फाइल अजून तशीच आहे, सेव्ह न केलेली.

पहाटे तीनला मशीन सुरू झालं.
नव्याण्णव पॉइंट सहा हळूहळू बाहेर येऊ लागले,
आधी कपाळ, मग डोळे.
बसलिंग हात पुसत कडेला उभा होता.
तो चेहरा बघत नव्हता,
दांडा डगमगतो का ते बघत होता.